जुनी रेशमी दुलई जपताना: पाहणीपासून पेटीपर्यंत

जुनी रेशमी दुलई हाती आली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ही धुवायची कशी? धुवायची नाही. ऊन दाखवायचे नाही, झटकायची नाही, इस्त्री तर नाहीच. शंभर वर्षे ट्रंकेत तग धरलेले रेशीम एका रविवारच्या साफसफाईत संपू शकते. संग्रहालयात अशा वस्तूवर होणारे बरेचसे काम दिसायला कंटाळवाणे असते: मोजणे, लिहिणे, आधार देणे, हवा सांभाळणे. तेच काम कोल्हापूरच्या हवेत, घरी किंवा एखाद्या लहान संग्रहात कसे करायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे पांघरुणाचे दोन प्रकार सापडतात आणि दोघांची दुखणी वेगळी आहेत. वाकळीत कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले असतात. वरचा थर शालूचा, पैठणीचा, कदाचा किंवा खणांच्या तुकड्यांचा असला तर ती रेशमी वाकळ. दुलईत वर रेशीम, खाली अस्तर आणि मध्ये पिंजलेला कापूस. वाकळ जड असते, पण टाके दाट असल्याने वजन सगळीकडे वाटले जाते. दुलई हलकी, पण तिचे टाके लांब लांब असतात. कापूस सरकून गोळे होतात आणि दोन गोळ्यांमधल्या जागी रेशमावर ताण येतो.

रेशीम खरे आहे का, हे आधीच सुटलेल्या धाग्यावरून पाहा. नवा धागा उपटू नका. धाग्याचे टोक चिमट्यात धरून पेटवले की रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरडली जाणारी काळी गोळी राहते. आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉन, कागदासारखे जळते आणि हलकी करडी राख सोडते. ‘रेशमी’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी वाकळी इरकली लुगड्यांच्या निघतात: काठ-पदर रेशमाचा, अंग सुती. त्याने वाकळीची किंमत कमी होत नाही, मात्र काठ आणि अंग वेगवेगळ्या गतीने विरतात हे लक्षात ठेवावे लागते.

काळ ठरवायला ऐकीव माहितीपेक्षा कापड बरे बोलते. रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ सालच्या जांभळ्या रंगापासून झाली, त्यामुळे झगझगीत जांभळा किंवा राणी रंग मूळच्या तुकड्यात असेल तर दुलई त्यानंतरची. कृत्रिम नीळ बाजारात १८९७ पासून आली, पण ती नैसर्गिक निळीपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळी काढता येत नाही. त्या बाबतीत पैजा लावू नका. रेयॉनचा तुकडा मूळ शिवणीत असला तर दुलई विसाव्या शतकातली धरा. पॉलिएस्टरचा चकचकीत दोरा दिसला तर ती दुरुस्ती आहे, आणि तीही गेल्या साठ-सत्तर वर्षांतली. जरीची तार खरी की खोटी हे तिच्या काळवंडण्यावरून कळते: चांदीची जर करडी-काळी पडते, तांब्याच्या जरीवर हिरवट डाग येतात.

टेबल, हात आणि चार तास

दुलई उघडण्यापूर्वी तिच्या पूर्ण मापाएवढी सपाट जागा तयार हवी. दोन टेबले जोडा, सांध्यावर जाड पुठ्ठा टाका, वर धुतलेली पांढरी चादर अंथरा. पांढरीच, कारण खाली गळणारा भुगा, अळ्यांच्या काती आणि रेशमाची पावडर तिच्यावरच दिसते. पंखा बंद. चहा, पेन, हळद-कुंकू लागलेले हात खोलीबाहेर. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. रेशमात अडकायला बांगडीचा एक कंगोरा पुरतो.

हातमोजे सुती नकोत, त्यांत धागे अडकतात. नायट्राइलचे पातळ मोजे घाला आणि तोंडावर मास्क लावा. मास्क दुलईसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. जुन्या काळी कपाटांत डीडीटी आणि गॅमेक्सिनची पावडर सर्रास मारली जायची आणि ती घडीत वर्षानुवर्षे टिकते.

दुलई कधीही दोन कोपरे धरून उचलू नका. खाली चादर सरकवा आणि चादरीसकट दोघांनी उचला. घडी उलगडताना घट्ट बसलेली दुमड तिथेच थांबवा, खाली मऊ कापडाची गुंडाळी सारा आणि तासभर तशीच राहू द्या. कडक पडलेले रेशीम एकदम सपाट केले की दुमडीवरच तुटते. म्हणून या कामाला सबंध दुपार काढून ठेवावी.

नोंद

दुलईला हात लावण्यापूर्वीची नोंद ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. पुढे काय बिघडले आणि कधी, हे तिच्यावरूनच ठरते.

लांबी तीन ठिकाणी मोजा (दोन्ही कडा आणि मध्य), रुंदीही तशीच. हाताने शिवलेली दुलई चौकोनी नसतेच. मापांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक येईल, तो तसाच लिहा. मग थर किती, कापूस आहे का, टाक्याची दिशा कोणती, दर इंचाला टाके किती (पाच वेगवेगळ्या जागी मोजून), दोरा सुती की रेशमी. वाकळ बऱ्याचदा कडेकडेने शिवत मध्याकडे नेलेली असते. टाक्यांची रांग कुठे सुरू होते आणि कुठे वळते, हे काढले तर किती हातांनी शिवली याचा अंदाजही लागतो. टाक्याची लांबी एकदम बदलली की हात बदलला असे समजायला हरकत नाही.

फोटो चार बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून. शिवाय खोलीत अंधार करून टॉर्च अगदी कापडालगत आडवी धरून एक फोटो घ्या. फुगवटे, सरकलेला कापूस, सैल टाके हे सगळे त्या आडव्या उजेडात उठून दिसते, समोरच्या उजेडात दिसत नाही.

संग्रह क्रमांक कापडावर लिहीत नाहीत. एक सेंटिमीटर रुंद सुती फीत धुऊन घ्या, तिच्यावर मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि अस्तराच्या एका कोपऱ्यात दोन-तीन सैल टाक्यांनी अडकवा. बॉलपेनची शाई पाझरते, टाचणीला गंज येतो, स्टेपलचे तर नाव नको.

काय बिघडले आहे, आणि का

डागांपेक्षा चिरा महत्त्वाच्या. चिरा कुठे आहेत यावर कारण कळते.

घडीवर सरळ रेषेत चिरा असतील तर दोष घडीचा. वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडल्याने धागे वाकून तुटले. फक्त काळे किंवा गडद तपकिरी तुकडे विरले असतील आणि शेजारचे लाल-पिवळे धड असतील, तर दोष रंगाचा. काळा रंग पक्का करायला लोखंडाचा कस वापरत, आणि लोह रेशमाला आतून खाते. या तुकड्यांचे तुम्ही काही करू शकत नाही, त्यांना आधारच देता येतो. रेशीम जागोजागी समांतर रेघांत फाटून झालरीसारखे लोंबत असेल तर ते वजन चढवलेले रेशीम असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशीम भारदस्त वाटावे म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवत. असे कापड ट्रंकेत न हलवताही फाटते.

टाक्याच्या भोकांभोवतीच फाटले असेल तर सुती दोरा रेशमाहून बळकट ठरला आहे. दोरा तग धरतो, कापड कापले जाते. आणि दुलईवर मोहरीएवढे तपकिरी डाग सगळीकडे पसरलेले दिसले तर बहुधा ते बाहेरून पडलेले नाहीत. कापसात राहिलेल्या सरकीच्या तुकड्यांतला रंग वर आलेला असतो. असा डाग पाण्याने पुसायला गेलात तर तो पसरतो.

धूळ काढणे

करता येण्यासारखी स्वच्छता एवढीच. व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर ठेवा. भरतकामाच्या गोल चौकटीत किंवा ३० सेंटिमीटरच्या लाकडी चौकटीत नायलॉनची मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा आणि कडा फितीने मढवा, नाहीतर जाळीच्या कापलेल्या कडाच रेशीम ओढतील. चौकट दुलईवर अलगद ठेवा, नळीचे तोंड जाळीपासून सेंटिमीटरभर वर धरा आणि खाली-वर, खाली-वर असे करत जागा बदला. घासत नेऊ नका. एक चौकोन झाला की पुढचा. पाच-सहा फूट लांब दुलईच्या एका बाजूला दीड-दोन तास लागतात.

विरलेल्या, सुट्या धाग्यांच्या जागा वगळा. तिथे रुंद, मऊ ब्रशने धूळ नळीकडे ढकलावी, किंवा सोडून द्यावी. जाळीवर रंगीत पावडर साचू लागली तर थांबा, कारण ती धूळ नाही, दुलईच आहे.

धुण्याबद्दल पुन्हा एकदा, कारण मोह मोठा असतो. भिजलेल्या रेशमाची ताकद कोरड्याहून कमी होते. त्याच वेळी आतला कापूस पाणी पिऊन दुलईचे वजन कित्येक पट करतो. वरचे कापड आणि अस्तर वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, आणि खणाचा लाल शेजारच्या मोतिया तुकड्यात उतरतो तो कायमचा. ड्राय क्लीनिंगच्या फिरत्या पिंपातही जुने टाके तग धरत नाहीत. जरीला चिंच, लिंबू किंवा पितळ चकाकवणारे पॉलिश लावू नका. काळेपणाबरोबर सोन्याचा मुलामाही निघतो आणि आम्ल आतल्या रेशमी धाग्यात मुरते.

कसर

कसर म्हणून आपण ज्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो त्यांत निदान तीन वेगळे किडे असतात. चंदेरी, चपळ किडा खळ आणि डिंक खातो, रेशमाला वरवर खरवडतो. कापडी पतंगाची अळी जाळ्याची नळी विणत जाते. आणि सर्वांत वाईट ती तीन ते पाच मिलिमीटरची केसाळ, तपकिरी अळी. ती रेशीम, लोकर, केस यांवर जगते आणि वाढताना टाकलेल्या काती मागे ठेवते. टाक्यांच्या खाचा, काठाची दुमड आणि कोपरे भिंगाने तपासा.

जिवंत कसर असली तर औषध फवारू नका. गोठवणे हा खात्रीचा आणि रेशमाला निरुपद्रवी उपाय आहे. दुलई कोरडी आहे याची खात्री करा. पावसाळ्यात हे काम नकोच. सुती चादरीत गुंडाळा, मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा हलक्या हाताने दाबून काढा आणि तोंड टेपने बंद करा. उणे १८ ते उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये १४ दिवस ठेवा. घरातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा चालत नाही, कारण दार उघडझाप होऊन तापमान वर-खाली होते. आइस्क्रीम ठेवायचा आडवा फ्रीझर चालतो. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. थंड दुलईवर बाहेरच्या हवेतले पाणी जमते. पिशवी बंद असेल तर ते प्लास्टिकवर जमते, रेशमावर नाही. अंडी वाचली असतील या शंकेने तीन आठवड्यांनी हेच पुन्हा करावे.

डांबर गोळ्या पेटीत टाकू नका. त्यांची वाफ जरीला आणि काही रंगांना बाधते, वास वर्षानुवर्षे जात नाही. वेखंड, लवंग, कडू जिरे यांची पुरचुंडी आपल्या आज्या ठेवत, ती ठेवायला हरकत नाही, पण कापडाला न टेकवता, पेटीच्या कोपऱ्यात, आणि दरवर्षी बदलून. तिने कसर येण्याला थोडा अडथळा होतो, आलेली कसर मरत नाही. कडुलिंबाचा पाला मात्र नको. पाला वाळेपर्यंत ओल सोडतो आणि डाग पाडतो.

टाका घालायचा झाल्यास

शक्यतो घालू नका. घालायचाच झाला तर तो नंतर काढता येईल असा असावा, एवढा एकच नियम.

लोंबणारे धागे जागच्या जागी ठेवायला संग्रहालये अतिशय पातळ, पारदर्शक रेशमी जाळीदार कापड वर घालून ते कडेने शिवतात. घरगुती कामाला मऊ नायलॉनचे बारीक नेट पुरते. जुळत्या रंगाचे नेट फाटलेल्या तुकड्याहून दोन सेंटिमीटर मोठे कापा, धाग्यांना ओल्या नाही, कोरड्या मऊ ब्रशने त्यांच्या जागी आणा, नेट वर ठेवा आणि जुन्या शिवणीच्या रेषेतच, जुन्या भोकांजवळून, सैल टाके घाला. सुई सर्वांत बारीक, १२ नंबरची. दोरा दुलईच्या रेशमाहून अशक्त असावा, म्हणजे ताण आलाच तर दोरा तुटेल, कापड नाही. त्यासाठी रेशमाच्या लडीतला एकेरी धागा सोडवून वापरतात. टाका फक्त वरच्या थरातून न्या. सगळ्या थरांतून आरपार नेलात तर पुन्हा तोच जुना ताण सुरू होईल.

डिंक, इस्त्रीने चिकटणारे अस्तर आणि पारदर्शक टेप यांनी केलेली दुरुस्ती परत काढता येत नाही. आणि कुणा जुन्या बाईने घातलेले ओबडधोबड ठिगळ काढून ‘मूळ रूप’ आणायचा उत्साह आवरा. ते ठिगळ वाकळीचेच आहे.

पेटी

साठवण नीट झाली तर वरचे बरेचसे काम पुन्हा करावे लागत नाही, म्हणून इथे हात आखडू नये.

लाकडाच्या पेटाऱ्यातून आम्लाची वाफ सुटते, सागाच्याही. लोखंडी ट्रंकेला पावसाळ्यात आतून घाम येतो आणि गंजाचा डाग रेशमावर पडला की जात नाही. ट्रंकच वापरायची असेल तर रंग धड असावा आणि आत पॉलिएस्टर फिल्म व वर कापड असे दुहेरी अस्तर हवे. नवीन पेटी करायची तर पॉलिप्रॉपिलिनच्या पन्हाळी शीटची करा. साइनबोर्डवाल्यांकडे ती मिळते. मागताना काळजी घ्या: तिथेच मिळणारा सनबोर्ड पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसीतून आम्लधर्मी वाफ निघते. स्पंजची गादीही नको, पाच-सात वर्षांत तिचा चिकट भुगा होतो. पांढरा पॉलिइथिलीन फोम चालतो.

समजा दुलई १५० × २१० सेंटिमीटर आहे. रुंदीत एक घडी, लांबीत एक घडी, म्हणजे ७५ × १०५ होते. त्यासाठी ११० × ८० × २५ सेंटिमीटरची पेटी लागते. मोठी वाटते, दिवाणाखाली मात्र मावते. ट्रंक लहान आहे म्हणून दुलईला सहा घड्या घालण्यापेक्षा पेटी मोठी केलेली परवडते.

आतली गुंडाळण मांजरपाटाची. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारात कोरा मांजरपाट मीटरवर मिळतो, पण त्यात खळ असते आणि खळ म्हणजे चंदेरी किड्याचे जेवण. रात्रभर पाण्यात भिजवा, मग गरम पाण्यात साध्या डिटर्जंटने तीनदा धुवा. नीळ, खळ, सुगंधी कंडिशनर काही नको. शेवटची दोन पाणी नुसती काढा. वाळल्यावर कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे, पुन्हा धुवा. डाग पिवळट-तपकिरी राहिला तर कापड तयार आहे (तो कोपरा कापून टाका).

घडी घालताना रेशमी बाजू बाहेर ठेवा. आत घेतली की ती चुरगळते. प्रत्येक घडीच्या पोटात धुतलेल्या मांजरपाटाची किंवा आम्लरहित टिश्यू पेपरची पाच-सहा सेंटिमीटर जाडीची गुंडाळी घाला, म्हणजे दुमड धारदार न होता गोलसर वळेल. टिश्यू पेपर घेताना रेशमासाठी क्षारयुक्त नसलेला मागा, चुन्याचा साठा असलेला कागद सुती कापडाला ठीक असतो. भेटवस्तूंचा रंगीत कागद आणि वर्तमानपत्र दोन्ही बाद. सहा महिन्यांनी घडीची जागा सात-आठ सेंटिमीटर सरकवा आणि कोणत्या तारखेला कुठे सरकवली ते पेटीच्या झाकणावर लिहा. आठवणीवर सोडले की घडी पुन्हा जुन्याच जागी पडते, कारण कापडालाही तिथेच वळायची सवय असते.

पातळ वाकळ, म्हणजे जाडी सेंटिमीटरच्या आत असलेली, गुंडाळून ठेवता येते. नळी निदान १५ सेंटिमीटर व्यासाची, पुठ्ठ्याची असेल तर ॲल्युमिनियम फॉइल व मांजरपाटाने मढवलेली, दोन्ही बाजूंना वाकळीहून दहा सेंटिमीटर लांब. रेशमी बाजू बाहेर. कापसाची जाड दुलई गुंडाळू नये, तिच्या आतल्या बाजूला न सुटणाऱ्या चुण्या पडतात.

कोल्हापूरचा पावसाळा

रेशमाला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. ६५ च्या वर हवा सादळलेली राहिली की बुरशी धरते, ४० च्या खाली फार दिवस गेले की रेशीम ठिसूळ होते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आकडा कित्येक दिवस ८५ च्या वर असतो आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्या आसपास उतरतो. या चढ-उतारातच खरा घात आहे: रेशीम, कापूस आणि दोरा वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, दरवर्षी, टाक्याच्या प्रत्येक भोकाशी.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, पाऊस तिकडूनच येतो. तळमजला नको, कौलांखालचा किंवा पत्र्याखालचा माळाही नको. आतली खोली, पेटी जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटे दूर. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, असली खोली साध्या खोलीहून वाईट.

पेटीत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवायचे तर प्रमाण घनमीटरला २० किलो धरतात. आपली पेटी ०.२२ घनमीटरची, म्हणजे सुमारे साडेचार किलो. निळे जेल घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. पांढरे किंवा नारिंगी घ्या आणि मांजरपाटाच्या चपट्या पिशव्यांत भरा. आता मुख्य गोष्ट: भट्टीतून काढलेले कडक कोरडे जेल थेट पेटीत टाकले तर आतली हवा २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि बुरशीपासून वाचवायला गेलात तिथे रेशीम वाळून तडकते. जेल आधी मुरवावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत घरातली हवा ५० च्या आसपास असते, त्या दिवसांत जेल ताटांत पातळ पसरून दोन-तीन आठवडे ठेवा, रोज हलवा आणि मग पिशव्या भरून पेटी बंद करा. असे मुरवलेले जेल पावसाळ्यात जास्तीची ओल पिते आणि उन्हाळ्यात थोडी परत देते.

तारेचा सेन्सर असलेला डिजिटल आर्द्रतामापक घ्या: तार आत, आकडा बाहेर. पावसाळ्यात पेटी एरवी उघडायची नसते, म्हणून हा खर्च टाळण्यासारखा नाही. आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहा. ६० ओलांडला तर कोरड्या, निरभ्र दुपारी झाकण मिनिटभर उघडून एक-चतुर्थांश पिशव्या काढा. त्यांतले जेल ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवून, गार करून, पुन्हा ठेवा. सगळे एकदम वाळवू नका. शेवटची पाहणी मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, पुढची दसऱ्यानंतर.

पाहणीत पांढरी-करडी पूड दिसली तर ती बुरशी की धूळ? भिंगाखाली बुरशीला तंतू असतात आणि वास कुबट येतो. बुरशी ओली असताना पुसू नका, ती कापडात घुसते. दुलई वेगळ्या, हवेशीर, सावलीच्या खोलीत पसरून आधी वाळू द्या, मग जाळीवरून व्हॅक्यूम करा. या वेळी साधा मास्क पुरत नाही, एन-९५ लावा.

लोकांना दाखवायची असेल तर

प्रकाशाने झालेले नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जाते. संग्रहालयांत रेशमासाठी ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजायचे एकक) मर्यादा असते, आणि नाजूक रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांचे अंदाजपत्रक धरतात. गणित सोपे आहे: ५० लक्स, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला ४०० लक्स-तास. १५,००० भागिले ४००, म्हणजे साधारण ३७ दिवस. वर्षातले उरलेले दिवस अंधारात. दिवाणखान्यात फ्रेम करून कायमची टांगलेली दुलई किती वर्षांत फिकट होईल, हे यावरून समजून घ्या. खिडकीजवळ भरदिवसा हजाराच्या वर लक्स सहज असतो.

टांगण्यापेक्षा २० ते ३० अंशांच्या उतरत्या, कापडाने मढवलेल्या फळीवर मांडणे चांगले, वजन सगळीकडे पेलले जाते. टांगायचीच झाली तर वरच्या कडेला मागून पूर्ण रुंदीची पाच सेंटिमीटर वेल्क्रो पट्टी सुती फितीवर शिवून, ती फीत अस्तराला जोडतात. पट्टीचा मऊ भाग दुलईकडे, खरबरीत भाग भिंतीवरच्या लाकडी पट्टीला. चिरा असलेली दुलई टांगूच नये. काच लावली तर ती कापडापासून निदान दोन सेंटिमीटर दूर हवी.

पुराचे पाणी शिरले तर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर पेटी ३९ फुटांची बातमी आली की वर न्यायची, ४३ ची वाट पाहायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी किती वेगाने चढले ते सर्वांना माहीत आहे.

भिजलीच तर हाताशी साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी. ओली दुलई घडीसकट पत्र्यावर किंवा चादरीवर उचला, पिळू नका, लटकवू नका. एका कोपऱ्यात पांढरा टीपकागद दाबून रंग सुटतो का पाहा. सुटत नसेल तरच गाळ काढायला स्वच्छ पाण्याची संथ धार, तीही दुलई जाळीवर आडवी ठेवून. रंग सुटत असेल तर पाणी अजिबात नको, थरांमध्ये आणि वर-खाली टीपकागद किंवा जुने पांढरे टॉवेल घालून ते दर अर्ध्या तासाला बदला. पंखा लावा, हीटर नाही, ऊन नाही. गाळ कापडातच वाळला तर त्याचे बारीक कण नंतर पॉलिश पेपरसारखे रेशीम कापतात. आणि दोन दिवसांत काहीच जमणार नसेल तर पॉलिथिनमध्ये गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये टाका. गोठलेली दुलई तज्ज्ञाची वाट पाहू शकते, ओली पाहू शकत नाही.

बाहेर पाठवताना

वजन चढवलेले रेशीम, पसरलेली बुरशी, सुटणारा रंग किंवा पूर, यांपैकी काहीही असेल तर घरच्या कामाची हद्द संपते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचा विभाग आहे. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आधी फोटो, मापे आणि नोंदवही पाठवा, दुलई नंतर. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका, परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला भेट द्यायची असली तरीही.

प्रवासात दुलई तिच्याच पेटीत, आडवी, भोवती पॉलिइथिलीन फोम. झाकणावर ‘आडवे ठेवा’ आणि आतल्या घडीचा क्रम काढलेला कागद. पेटी उघडणाऱ्याला कोणती घडी आधी उलगडायची ते कळले पाहिजे.